वाजलं का

माझ्या मामाला सगळे तोंडावर टिचकीमामा म्हणायचे आणि पाठीमागे नुसतं टिचकी. धंदाच तसा होता त्याचा. बागेतले फणस उतरवायच्या आधी त्याला बोलावणं जायचं. तो झाडाखाली उभा राहायचा, फणसावर दोनदा वाजवायचा, कान लावायचा आणि म्हणायचा, ‘उतरवा’ किंवा ‘थांबा’. यापलीकडे बोलणं नाही. कच्चा फणस टणटण वाजतो, जून झालेला बदबद, एवढं मलाही कळतं. पण त्या दोन आवाजांच्या मधे जे आठ-दहा दिवस असतात, ते फक्त मामाला ऐकू यायचे. त्या दिवसांत उतरवलेला फणस घरात पिकतो. त्याआधी उतरवला तर रबरासारखा राहतो आणि तसाच सडतो. मी फळांच्या शेडमध्ये वजनकाट्यावर बसते. मामाने हो म्हटलेला फणस परत आलाय, असं एकोणीस वर्षांत मी पाहिलं नव्हतं.

सुरुवातीला तो खरंच बोटाने टिचकी मारायचा. फणसाच्या काट्यांनी मधल्या बोटाचं नख गेलं, तेव्हा त्याने पेरूच्या फांदीची वीतभर काठी तासून घेतली. त्या काठीलाही तो टिचकीच म्हणायचा. ती खिशात नसली की माणूस चप्पल हरवल्यासारखा घरभर फिरायचा.

वाजवायचं दोनदाच. तिसऱ्यांदा कधी नाही. मी एकदा विचारलं, दोनात कळलं नाही तर तिसरी मारायला काय हरकत आहे? तो म्हणाला, “दोन म्हणजे विचारणं. तीन म्हणजे बोलावणं.” कोणाला, तर म्हणे, जो ऐकत असेल त्याला. एवढं सांगून तो पाय धुवायला गेला आणि मी मागे हसत बसले. माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणते ते काही उगाच नाही. आणि त्या काळात मला सगळ्याचंच हसू यायचं.

घर म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. पुढे मामाची खुर्ची, मधे स्वयंपाकघर, मागे मामीची खोली. आमच्याकडची हवा इतकी ओली की मीठ बरणीतून खरवडून काढावं लागतं, आणि आठ दिवस न घातलेल्या चपलेला पांढरी लव येते. अशा हवेत फणसाला काही शिकवावं लागत नाही. मामीने एका वर्षी फणस कापला, गरे खाल्ले आणि एक आठळी ओली असतानाच मागच्या भिंतीलगत खोचली. आठळी सुकली की मेली, हे तिला मामाकडूनच कळलेलं. मामा म्हणाला, भिंतीपासून लांब लाव, मुळं घरात शिरतील. ती म्हणाली, मला खिडकीतून दिसलं पाहिजे. दोघांचं पंधरा दिवस तेच चाललं. तोवर आठळीने मूळ खाली सोडलं होतं, आणि फणसाचं रोप एकदा खोल गेलं की उपटून दुसरीकडे लावलेलं त्याला सोसत नाही. मामाने हार मानली आणि बुंध्याशी पाणी साचू नये म्हणून मातीचा उंचवटा करून दिला. फणसाला सगळं चालतं, तुंबलेलं पाणी तेवढं चालत नाही.

या झाडाचं एक आहे, ते नवख्या माणसाला खोटं वाटतं. झाड तरुण असतं तेव्हा फळ वर फांद्यांना धरतं. वय वाढतं तसं ते खाली येतं. आधी खोडावर, मग खोडाच्या पायथ्याशी. फार जुन्या झाडाला कधी कधी मातीच्या आत, मुळांवरही फणस धरतो. जमीन तडकते आणि वास सुटतो, तेव्हा तो आहे हे माणसाला कळतं. मामीच्या झाडाचे पहिले फणस छपराच्या वर होते. मी तिथे राहायला आले तेव्हा ते खिडकीसमोर आले होते. मामी गजांतून हात घालून त्यांना थोपटायची आणि शेजारणीची चौकशी करावी तशी त्यांची चौकशी करायची.

मी राहायला आले त्याला कारण होतं. मामीचं डावं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचाही गेली. मामा दिवसभर बागांत, घरात दुसरं कोणी नाही, आणि शेडचं काम हंगामापुरतं, म्हणून आईच्या मते मी रिकामीच होते. मामीचा उजवा हात चालत होता. मामाने तिच्यासाठी दुसरी एक काठी तासली. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला तो घरी यायचा, मागच्या खोलीच्या उंबऱ्यात उभा राहायचा आणि लादीवर दोनदा वाजवायचा. आतून मामी खाटेच्या लोखंडी दांडीवर दोनदा वाजवायची. मी त्याला म्हटलं, हे काय, ती समोर दिसतेय की तुला. तो म्हणाला, “मी विचारतो, आहेस का. ती सांगते, आहे. बोलणं झालं की नाही?” मग तो जेवायला बसायचा. ते उत्तर आल्याशिवाय त्याने कधी ताटाला हात लावला नाही.

तीन वर्षं हे बोलणं चाललं. तिसऱ्या वर्षी शेडमध्ये मामाचे दोन फणस परत आले. मग पाच आले. काट्यावर मीच असल्यामुळे मी कानाडोळा केला. म्हातारपण आहे, चुकतं माणसाचं, असं मी स्वतःला सांगितलं. तो काठी वाजवल्यावर फणसाला आता गाल लावतो आणि मग नाकाने हुंगतो, हे मी पाहिलं होतं. पण दोन्ही गोष्टी एकत्र करून बघायचं मी टाळलं.

मामी गेली त्या संध्याकाळी मामा आला, त्याने लादीवर दोनदा वाजवलं आणि लगेच परत फिरला. खोलीत अंधार होता. दिवा लावायचं काम माझं, आणि माझे हात पिठात होते. झोपलीय ती, असं म्हणून तो पुढच्या खोलीत जाऊन बसला. दिवा घेऊन मी आत गेले तेव्हा मामीचा हात दांडीवर होता आणि काठी खाली पडलेली होती.

लोक जमले. मामा प्रत्येकाला सांगत होता की ती झोपेतच गेली, त्याने वाजवलं तेव्हा तिच्याकडून उत्तर आलं नाही. चौथ्यांदा हे ऐकलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

“आलं होतं की, मामा. मी ऐकलं. तुला ऐकू नाही आलं?”

मी जोरात बोलले होते, म्हणून त्याला कळलं.

“किती वेळा?”

“दोनदा. थोड्या वेळाने परत दोनदा. मग नाही.”

वर्षभर त्याने आपलं बहिरेपण सगळ्यांपासून लपवलं होतं, माझ्यापासून आणि बहुतेक स्वतःपासूनसुद्धा, आणि मी ते भरल्या घरात उघडं केलं. तेही कोणत्या दिवशी. त्या एका वाक्यासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

त्याने बागांची कामं आपणहून सोडली. सहा महिन्यांत दोन्ही कान गेले. समोरच्याचे ओठ पाहून मात्र त्याला बरंचसं समजायचं. तो मामीच्या खाटेवर झोपायला लागला. आणि रोज दिवे लागताना तो उंबऱ्यात येऊन उभा राहायचा, लादीवर दोनदा वाजवायचा आणि माझ्याकडे बघायचा.

“वाजलं का?”

पहिल्या संध्याकाळी मला प्रश्नच कळला नाही. मग कळला. मी मान हलवून नाही म्हटलं. तोही मान हलवून पुढे गेला आणि जेवला नाही. दुसऱ्या दिवशी तेच झालं. सात दिवस मी खरं बोलले, आणि सात दिवसांत तो माणूस अर्धा झाला. त्याला या जगात एकच गोष्ट हवी होती, जे उत्तर चुकलं ते एकदा मिळावं. स्वतःचे कान गेले होते, म्हणून माझे चालणार होते. आठव्या दिवशी मी म्हटलं, “हो, वाजलं.” तो जेवला. दोन पोळ्या जास्तच खाल्ल्या त्याने.

त्यानंतर मी रोज हो म्हणत गेले. एक-दोनदा त्याला शंका आली, तेव्हा मी त्याची शपथही घेतली. एकदा तर म्हटलं की आज जरा हळू वाजलं, म्हणजे खरं वाटावं. खोटं बोलण्यात माझा हात किती चटकन बसला याचं मला आश्चर्य वाटायचं. प्रत्यक्षात त्या खोलीतून कधीच काही वाजलं नाही. मी कान लावून ऐकायचे, म्हणून खात्रीने सांगते.

मामी गेली त्या वर्षी फणस गुडघ्याएवढ्या उंचीवर धरला होता. पुढच्या वर्षी अगदी बुंध्याशी, अर्धा मातीत टेकलेला. तिसऱ्या वर्षी झाडावर काहीच नव्हतं. मामा रोज झाडाभोवती फिरायचा, पान हातात घेऊन वजन केल्यासारखं बघायचा. रिकाम्या झाडाची पानं अशी जड नसतात, तो म्हणाला, फळ धरलंय पण ते दिसत नाहीये.

मग एका सकाळी मागच्या खोलीतली खाट डुगडुगायला लागली. एका पायाखालची लादी बोटभर वर आली होती. मामाने दुसऱ्या पायाखाली पुठ्ठा घातला. आठवड्यात आणखी दोन लाद्या उचलल्या गेल्या आणि भिंतीला तडा गेला, लादीपासून थेट खिडकीपर्यंत. खोलीत गोड वास भरला. कपाटात घडी करून ठेवलेल्या मामीच्या कपड्यांनाही तो लागला. मी दारं-खिडक्या उघड्या टाकायचे तरी तो जायचा नाही. मामा मात्र सकाळी उठला की लादीवर तळवा ठेवून बसायचा आणि त्याच्या चेहऱ्यावर तेज आलेलं असायचं.

“बघ,” तो मला म्हणाला, “जवळ येतेय.”

फणस पुल्लिंगी आहे. तो येतोय म्हणतात. झाडाला येतंय म्हणतात. मामाने येतेय म्हटलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

मी गवंड्याला बोलावलं. हा आमच्याच गल्लीतला, हाताला चुन्याचे पांढरे डाग, बोलण्यात फाटे फोडणारा नव्हे. त्याने भिंतीच्या तड्यात करंगळी घातली, ती पेरभर आत गेली.

“ताई, ही भिंत पावसाळा काढणार नाही. मुळं खाली घुसलीत. झाड तोडा, लाद्या उकरा. आणि काकांना इथे झोपू देऊ नका, खाटेवरच येईल सगळं.”

मामा त्याचे ओठ वाचत होता. त्याने शांतपणे सांगितलं की झाड तुटणार नाही आणि लादी निघणार नाही. मामी इथून उत्तर देते. खोटं वाटत असेल तर भाचीला विचार, ती रोज ऐकते. गवंड्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी लादीकडे पाहिलं.

त्याला जेवायला लावणारं माझं खोटं आता त्याच्या अंगावर भिंत पाडायला निघालं होतं. पावसाळा तोंडावर आला होता. मी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो उंबऱ्यात आला, त्याने दोनदा वाजवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी दिवा दोघांच्या मधे ठेवला, म्हणजे त्याला माझे ओठ दिसावेत.

“नाही वाजलं, मामा. कधीच वाजलं नाही. मी खोटं सांगत होते.”

त्याला कळायला वेळ लागला. किंवा लगेच कळलं असेल आणि वेळ बाकीच्याला लागला असेल.

“रोज?”

“रोज. तू जेवावंस म्हणून.”

“एकदाही नाही?”

मी मान हलवली. मला रडू येत होतं आणि मी ते दाबत होते, कारण रडताना माणसाचे ओठ वाचता येत नाहीत. त्याने काठी उचलली, तिचं टोक अंगठ्याने पुसलं आणि ती फळीवर डब्यांच्या मागे ठेवून दिली. “त्याला बोलव उद्या,” एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. खाट बाहेर काढली. लाद्या कुठे सुटल्यात ते बघायला त्याने हातोडी उलटी धरली आणि दांड्याने एकेक लादी वाजवत चालला. सगळे गवंडी असंच बघतात, पोकळ लादीचा आवाज वेगळा येतो. मामीच्या खाटेखालच्या लादीवर त्याने दोनदा वाजवलं. कान दिला. आणि नीट कळलं नाही म्हणून तिसऱ्यांदा वाजवलं.

मामाने दारातून धावत येऊन त्याचं मनगट धरलं. त्याला ऐकू काही आलं नव्हतं, हात किती वेळा उचलला ते त्याने मोजलं होतं.

“तीन मारल्यास तू.”

“काका, पोकळ आहे का बघतोय. किती मारल्या ते कोण मोजतंय?”

मामाने मनगट सोडलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि लादी निघेपर्यंत तिथून हलला नाही.

खाली फणसच होता. माठाएवढा, उजेड न मिळाल्यामुळे फिकट, एका बाजूला उललेला. वास इतका की गवंड्याने नाकाला फडकं बांधलं. मुळापासून कापून त्याने तो दोन्ही हातांनी वर काढला आणि अंगणात ठेवला. वरच्या अंगाला दोन जागी काटे झिजून गुळगुळीत झाले होते, दोन अंगठे टेकतील एवढ्या जागेत. मला ते बघवेना. गवंडी म्हणाला, वाढताना लादीला घासत असेल. मग सहज म्हणाला, “आतून टकटक आवाज येत असेल ना, ताई? अशी लादी बोलते.”

मी काही म्हणायच्या आत मामाने त्याचे ओठ वाचले होते. “नाही,” तो म्हणाला. “भाचीने ऐकलं असतं.”

खड्डा दोन दिवस उघडा ठेवून सुकवायचा, परवा करवत आणून झाड पाडायचं, असं ठरवून गवंडी गेला. खड्ड्यात आता कापलेलं मूळ तेवढं होतं. त्यातून पांढरा चीक थेंब थेंब बाहेर येत होता. मी फणस उचलून शेणखताच्या खड्ड्यात टाकून आले. कापून बघायची इच्छा झाली नाही.

संध्याकाळी दिवे लागले. मामा उंबऱ्यात आला नाही. पुढच्या खोलीत खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसून राहिला. मी ताट वाढून त्याच्यासमोर ठेवलं. त्याने ते बघितलं आणि पाण्याचा पेला तेवढा उचलला. मी म्हटलं, दोन घास तरी खा. त्याने ऐकलं नाही, म्हणजे बघितलं नाही. मी परत स्वयंपाकघरात आले, आणि मागच्या खोलीत दोनदा वाजलं.

लोखंडाचा आवाज होता, खाटेच्या दांडीवर काठी वाजावी तसा. खाट बाहेर अंगणात होती. मी आधी फळीवर बघितलं. घरात उरलेली ती एकच काठी डब्यांच्या मागे होती तशीच होती. दिवा घेऊन मी मागच्या खोलीच्या दारात गेले. खड्डा रिकामा होता. चीक थांबला होता. मी स्वतःला म्हटलं की उकरलेली जमीन बसतेय, सुटलेली लादी सरकली असेल. आणि माझ्या डोळ्यांसमोर, काहीही न हलता, पुन्हा दोनदा वाजलं. मधे तेवढाच वेळ गेला होता, जेवढा त्या शेवटच्या संध्याकाळी गेला होता. ते अंतर मी विसरणं शक्य नव्हतं.

मी पळत पुढे गेले आणि मामासमोर गुडघ्यांवर बसले.

“वाजलं, मामा. आत्ता वाजलं. दोनदा, मग परत दोनदा.”

त्याने माझ्या ओठांकडे बराच वेळ पाहिलं. मी म्हटलं, तुझी शपथ. त्याची शपथ मी याआधीही घेतली होती, हे त्याच्याही लक्षात होतं आणि माझ्याही. मी त्याचा हात धरला, त्याला ओढत मागच्या खोलीत नेलं, खड्ड्याच्या काठावरच्या लादीवर त्याचा तळवा दाबून धरला. तो लहान मुलाचं मन राखावं तसा बसला. आम्ही दोघं तसेच होतो, आणि तेवढा वेळ काहीही वाजलं नाही.

मग त्याने हात सोडवून घेतला आणि माझ्या डोक्यावर ठेवला.

“जेवतो गं मी,” तो म्हणाला. “त्यासाठी आता परत खोटं नको वाजवूस.”

तो उठला, पुढच्या खोलीत गेला आणि ताटावर बसला. पहिला घास त्याने मला दाखवून खाल्ला. मी त्याच्यासमोर बसले होते. मागे पुन्हा दोनदा वाजलं, या वेळी जोरात, आणि मी दचकून मागे वळले. मामा ताटाकडे बघत जेवत होता. सगळं संपवून त्याने ताट पुढे केलं आणि माझं समाधान व्हावं म्हणून म्हणाला, “अजून वाढ थोडं.”

मी वाढलं.